एका खोलीत आठ जण, अर्ज नेमका कोणाकडे करायचा? (फोंडा तालुका)

बांयकाठ

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर फोंडा तालुक्यात, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीपासून स्कूटरने दहा मिनिटांवर. गावाचं नाव देत नाही, का ते पुढे कळेल. घरामागे पोफळीचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, त्याच्या टोकाला आमची बांय, म्हणजे विहीर. गडगा ओलांडला की चुलत दिरांच्या वाटणीची जागा. माझं लग्न झालं तेव्हा तिथे सुपारी वाळत घालायचे. मग भावोजींनी तीन खोल्या बांधल्या, त्याच्या पाच झाल्या, आता सात आहेत. एका ओळीत, वर पत्रे, पुढे चार फुटांचा व्हरांडा. पंचायतीचा घर नंबर एकच, आणि घरपट्टीच्या पावतीवर अजून तीनच खोल्या आहेत.

एकेक खोली दहा बाय बारा फूट. हे अंदाजाने सांगत नाही. रंगकामासाठी एक खोली रिकामी केली होती तेव्हा भावोजींनीच हौसेने आत नेऊन फरशी दाखवली. दोन फुटी फरशा, एका अंगाला पाच, दुसऱ्या अंगाला सहा. मी मोजून घेतल्या.

त्या एका खोलीत सात-आठ मुलगे राहतात. ओडिशाचे, झारखंडचे, बिहारचे, शेवटच्या दोन खोल्यांत कर्नाटकातले. सगळे ठेकेदारामार्फत कारखान्यांत लागलेले. आधी मी रात्री दारातल्या चपला मोजायचे. चार नंबरच्या दारात सहा जोड दिसले की म्हणायचे, ठीक आहे, सहाच आहेत. चपलांचा हिशेब चुकतो हे नंतर कळलं. रातपाळीवाल्यांच्या चपला रात्री कारखान्यात असतात, आणि ते सकाळी येतात तेव्हा दिवसपाळीवाला ज्या चटईवरून उठला त्याच चटईवर आडवे होतात. चटई थंडसुद्धा होत नाही. खरा आकडा मला बांयवर कळशी भरायला येणाऱ्या एका ओडिया पोराने सांगितला: एकूण चोपन्न.

भाडं खोलीला नाही, डोक्याला. माणशी १,८०० रुपये, वीज वेगळी. ५४ गुणिले १,८०० करून बघा म्हणजे भावोजी नववा माणूस आला तरी नाही का म्हणत नाहीत ते समजेल.

संडास दोन. त्यातला एक मे महिन्यापासून तुंबलाय, दाराला वायर बांधून ठेवलीय. पहाटे साडेपाचला डबे घेऊन रांग लागते आणि ज्यांची बस चुकायला आलेली असते ते आमच्या कुळागराच्या खालच्या अंगाला जातात. त्यांच्यावर ओरडायला मी दोनदा बाहेर आले आणि दोन्ही वेळा काही न बोलता आत गेले. काय बोलणार?

जुलैत आठवडाभर पाऊस उघडला नाही. सेप्टिक टाकी वरून वाहायला लागली आणि गडग्याच्या बुडातून काळपट पाणी आमच्या बाजूला पाझरलं. लेकाला टेपचं एक टोक धरायला लावलं. शोषखड्ड्यापासून बांयच्या काठापर्यंत अकरा मीटर. बांयच्या पाण्याला वास येतोय. नळाला पाणी एक दिवसाआड, त्यामुळे भांडी, आंघोळ, देवाची पूजा सगळं बांयवर. दोन नंबरच्या खोलीतल्या दोघांना कावीळ झाली, आणि नंतर भावोजींच्या स्वतःच्या नातीला. कशातून झाली हे डॉक्टरने छातीठोक सांगितलं नाही. मीही सांगत नाही.

पंचायतीत अर्ज दिला. तो ग्रामसभेत वाचला गेला आणि पाच मिनिटांत गाडी भलतीकडेच गेली. शोषखड्डा बाजूला राहिला, "घाट्यांना हाकला", "चोऱ्या वाढल्या", "उद्या हेच मतदार होतील" यावर तासभर आरडाओरडा. ठराव काय झाला, तर भाडेकरूंची पोलीस पडताळणी. पोलीस आले, आधार कार्डं बघितली. ज्यांच्याकडे धड कागद नव्हते असे चौदा जण त्याच रात्री बॅगा घेऊन निघून गेले. पुढच्या सोमवारी ठेकेदाराची टेम्पो-ट्रॅव्हलर आली, त्यातून दुसरे चौदा उतरले. यांचे कागद चोख. संडास तेच दोन, त्यातला एक बंद.

आता माझे प्रश्न. एका खोलीत किती माणसं ठेवावीत हे बघण्याचा अधिकार कोणाला तरी आहे का? पंचायत, आरोग्य केंद्र, मामलेदार, कोण? दुसरं, अर्ज असा कसा करायचा की भर पावसात ही पोरं रस्त्यावर येणार नाहीत?

आणि तिसरं, कायद्यात बसत नाही पण लिहिते. चवथ (गणेशचतुर्थी) आमच्या मूळ घरात एकत्र असते. माटोळी (गणपतीवरचं फळा-पानांचं छत) भावोजी बांधतात, करंज्या-पातोळ्या मी आणि जाऊ मिळून करतो. नवरा म्हणतो गप बस, टाकी उपसली की वास जाईल.

कट्टर_गोंयकार

चोपन्न माणसं एका घर नंबरावर आणि तुम्ही त्यांची काळजी करताय? पोलिसांत पुन्हा द्या. दर महिन्याला पडताळणी झाली की आपोआप पळतील. आमच्या वाड्यावर तसंच केलं.

निवृत्त_सेक्रेटरी

वरच्या गृहस्थांना: तुमच्या वाड्यावरचे पळून कुठे गेले? बहुतेक ताईंच्या वाड्यावर.

ताई, माझी सगळी नोकरी पंचायत सेक्रेटरी म्हणून गेली, पाच पंचायती फिरलो. आधी एक सांगा, तुमच्या अर्जाचा विषय काय होता? "परप्रांतीयांचा उपद्रव" असं लिहिलं असेल तर चूक तिथेच झाली. ग्रामसभेत अर्जाचा मजकूर कोणी ऐकत नाही, विषय तेवढा ऐकतात.

आता अधिकाराचं. पंचायतराज कायदा १९९४, कलम ६६. हे विनापरवाना बांधकामाचं. तीन खोल्यांचा परवाना आणि उभ्या सात, म्हणजे चार खोल्यांना हे लागू होतं. पंचायतीने महिनाभरात काही केलं नाही तर पंचायत उपसंचालक ते हातात घेऊ शकतात. पण मी स्वतः अशा नोटिसा टाइप केल्या आहेत, त्यांचं पुढे काय होतं ते सांगतो. मालक अपिलात जातो, स्थगिती आणतो, फाइल कपाटात जाते. स्थगिती पाडकामाला असते, माणसं भरायला नसते. त्यामुळे त्या खोल्यांत पहिल्यापेक्षा जास्त माणसं राहायला लागतात, कारण मालकाला वाटतं पडायच्या आत वसूल करून घ्यावं. आणि खरंच पाडलं तर चार खोल्यांतली माणसं उरलेल्या तीन खोल्यांत.

खोलीच्या मापात तुम्हाला काही मिळणार नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीला किमान साडेनऊ चौरस मीटर आणि पावणेतीन मीटर उंची धरली आहे. तुमच्या भावोजींची खोली अकरा चौरस मीटरच्या वर जाते. पत्र्याची उंची मोजून घ्या, तिथे कदाचित कमी पडेल. पण क्षेत्रफळात खोली पास. आत दोन निजतात की नऊ, हे बांधकामाच्या परवान्यावर कुठे लिहिलेलंच नसतं. भाडेकरू पडताळणीच्या फॉर्मवर तर माणूस कोण एवढाच रकाना. कितवा, हा रकाना नाही.

मग धरायचं कुठे, तर शोषखड्ड्याला. पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा निदान १८ मीटर असावा असं भारतीय मानक आहे. तुमचे अकरा भरले. हा अर्ज आरोग्य केंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, गोवा सार्वजनिक आरोग्य कायदा १९८५ खाली. उपद्रव दूर करण्याची नोटीस ते मालकाला काढू शकतात. अर्जात माणसं कुठून आली ते एका शब्दाने लिहू नका. संडास किती, वापरणारे किती, टाकी किती माणसांसाठी बांधली, बांय किती मीटरवर, कावीळ किती जणांना, पाण्याचा नमुना घ्या. एवढंच. प्रत पंचायतीला, पोच घ्या.

वापरणारे किती हे लिहिताना एक तुलना कामाला येते. कारखान्यांच्या नियमांत पहिल्या शंभर पुरुषांपर्यंत दर २५ जणांमागे एक संडास लागतो. म्हणजे ही मुलं कामावर असतात तेव्हा त्यांना जे मिळतं ते घरी आल्यावर मिळत नाही.

आरोग्य केंद्र हललं नाही तर उपजिल्हाधिकारी. पूर्वीचं दंडप्रक्रियेचं कलम १३३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १५२. सार्वजनिक उपद्रव हटवायचा सशर्त आदेश. हे जुनंपुराणं कलम समजू नका. १९८० साली रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याच कलमावर, गटारं बांधायला पैसे नाहीत ही सबब चालणार नाही असं पालिकेला सुनावलं होतं.

आणि दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज पंचायतीत टाकून ठेवा: या घर नंबरावर मंजूर नकाशा, खोल्या, संडास, टाकीची क्षमता. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तरापेक्षा त्या अर्जाची बातमी भावोजींपर्यंत लवकर पोचेल, ते वेगळं. नकाशा बाहेर काढला म्हणजे कलम ६६ ही बाहेर येणार, हे डोक्यात ठेवून काय ते ठरवा.

बांयकाठ

सेक्रेटरी काका, विषय अगदी तोच होता. "परप्रांतीय भाडेकरूंमुळे होणारा उपद्रव." अर्ज तालुक्याला लिहून देणाऱ्याकडून टाइप करून घेतला, त्याच्याकडे तो विषय तयारच होता. फक्त गावाचं नाव बदलतो. मी वाचून सही केली, म्हणजे चूक माझीच. तीही मी "एक ग्रामस्थ" म्हणून केली, नाव न घालता. अकरा मीटर अंतरावर एकच घर आहे हे मला तेव्हा सुचलं नाही.

पेडणेकर_विलायतेत

मी मूळ पेडण्याचा, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात आलो. स्विंडनला गोंयकार ढिगाने आहेत, मी तिथून तासाभरावरच्या गावात. तुमची पोस्ट वाचून हसू आलं आणि जरा लाजही वाटली, कारण इकडे ती चोपन्न पोरं म्हणजे आम्ही होतो.

पहिली दोन वर्षं तीन बेडरूमच्या घरात आम्ही नऊ जण, वेअरहाउसच्या पाळ्या, तीच गरम चटई. फक्त इथे ती गादी असते. बैठकीच्या खोलीत पडदा लावून तिघे. शेजारच्या म्हातारीने काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, कळवलं. आम्हाला वाटलं व्हिसा, पोलीस, सगळं संपलं. आली एक बाई, हातात लेझरचं मीटर. पासपोर्ट विचारला नाही. खोल्या मोजल्या, धुराचा अलार्म दाबून बघितला, खिडकी उघडते का बघितलं, स्वयंपाकघरात किती शेगड्या ते लिहून घेतलं.

इथला नियम असा की वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा जास्त लोक स्वयंपाकघर-संडास सामाईक वापरत असतील तर मालकाला काउन्सिलचा परवाना लागतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून त्या परवान्यात झोपायच्या खोलीचं माप घातलं आहे: एका मोठ्या माणसाला ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२. म्हणजे तुमच्या भावोजींच्या खोलीत इकडे दोघे राहिले असते. परवाना नसेल तर गुन्हा मालकाचा.

चांगलं काय, तर माणसं जास्त सापडली म्हणून काउन्सिल मालकाला ती कमी करायला मुदत देऊ शकते, अठरा महिन्यांपर्यंत. हेतू हा की भाडेकरूला दुसऱ्या दिवशी रस्त्यावर काढू नये. आता वाईट काय. आमच्या मालकाने मुदतीची वाट बघितली नाही. परवान्याचा खर्च नको म्हणून नऊपैकी पाच जणांना दोन आठवड्यांत जायला सांगितलं. त्यात मी. पुढचे चार महिने मी दुसऱ्या गावात एकाच्या बैठकीतल्या सोफ्यावर काढले, आणि तिथे आम्ही दहा होतो.

आणखी एक गंमत. कुटुंबांसाठीचं गर्दीचं जे वेगळं माप आहे ते १९८५ च्या गृहनिर्माण कायद्यात असलं तरी मूळ १९३५ चं आहे. त्यात बैठकीची खोलीही निजायची धरतात आणि वर्षाच्या आतलं मूल माणसांत मोजतच नाहीत. रात्रभर रडणारं पोर शून्य! त्यामुळे कागदावर "गर्दी" ठरायला घरात फार माणसं असावी लागतात. तिथेही काउन्सिलकडे द्यायला रिकामी घरं नसतात, म्हणून बघून न बघितल्यासारखं चालतं.

पण एक सांगतो. ती बाई मीटर घेऊन आली आणि आम्हाला "तुम्ही कुठले" असं न विचारता "तुम्ही कुठे झोपता" असं विचारलं. ते मी विसरलो नाही.

खोलीवाला

सगळे मालकाच्या मागे लागलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या वेर्ण्याच्या बाजूला नऊ खोल्या आहेत. मी खोलीत चार ठेवतो, पाचवा नाही. पण ते परवडवणं किती कठीण आहे ते ऐका. ठेकेदार येतो आणि सरळ म्हणतो, माणशी दीड-दोन हजाराच्या वर देणार नाही, कारण तेवढेच तो पगारातून कापतो. मी खोलीला आठ हजार म्हटलं की तो उठून पलीकडच्या रांगेत जातो. कर्ज, टँकर, टाकी उपसणं, सगळं मालकाचं.

आणि कारखाने? शेडला, पार्किंगला, मालाला जागा. माणूस कुठे निजणार याचा नकाशात पत्ता नाही. १९७९ च्या स्थलांतरित कामगारांच्या कायद्याने राहायची सोय ठेकेदारावर टाकली होती. इतक्या वर्षांत मला एक ठेकेदार दाखवा ज्याने खोली बांधली. आता तर तो कायदाही नव्या श्रमसंहितेत विरघळला. २०२० च्या लॉकडाऊननंतर केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना काढली, आमच्या वसाहतीच्या आसपास तिची एक वीट मला तरी दिसली नाही. मग गावच्या बागांत रांगा उठणारच. भावोजींना शिव्या घाला, पण चोपन्न माणसांना छप्पर त्यांनीच दिलंय.

बांयकाठ

खोलीवाले भाऊ, छप्पर दिलंय हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. माझा नवराही हेच म्हणतो, जवळजवळ याच शब्दांत. पण महिना ९७ हजार येतात आणि संडासाच्या दाराला वायर बांधलेली आहे, हे दोन्ही एकाच अंगणात मला रोज दिसतं. टाकी उपसायचा टँकर एका फेरीला किती घेतो ते मी विचारून घेतलं. दोन खोल्यांतल्या दोन माणसांचं महिन्याचं भाडंसुद्धा होत नाही.

तुम्ही चार ठेवता हे वाचून बरं वाटलं. म्हणजे होऊ शकतं.

गिरगावची_नात

माझे आजोबा म्हार्दोळहून मुंबईला गेले आणि गिरगावात एका खोलीत अकरा जणांत राहिले. सगळे गोंयचे. पाळीने झोपायचे, कोणी जिन्याखाली, कोणी गच्चीवर. ख्रिस्ती गोंयकार धोबीतलावला आपापल्या गावच्या कुडांत (गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत), प्रत्येकाची एक ट्रंक आणि ट्रंकेवर झोप. त्यामुळे "घाटी" म्हणणाऱ्यांनी आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं.

दाट वस्ती पाडून गर्दी कमी होते का, याचा प्रयोग मुंबईत आधीच होऊन गेलाय. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला सरकारने सुधार ट्रस्ट काढला, नागपाड्यापासून वस्त्या पाडायला घेतल्या. रस्ते रुंद झाले, हवा आली. पण पाडल्या तितक्या खोल्या काही बांधल्या नाहीत, मग उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत घुसली आणि तिथली गर्दी वाढली. आजही तेच. २०१२ साली केंद्राच्या तज्ज्ञ गटाने शहरांत पावणेदोन कोटींहून जास्त घरांची तूट काढली, त्यातली दीड कोटीच्या आसपास कुटुंबं बेघर नव्हतीच. छप्पर होतं, आत जागा नव्हती.

ताई, जाऊबाईंशी बोललात का? अर्ज नंतर.

निवृत्त_सेक्रेटरी

हो, तेही करा. पण अर्ज "नंतर" नको, पाण्याचा नमुना पावसातच घेतला पाहिजे. ऑक्टोबरात पाणी स्वच्छ येईल आणि तुमचं प्रकरण संपेल.

बांयकाठ

सात आठवड्यांनी लिहितेय. बऱ्याच जणांनी पुढे काय झालं विचारलं म्हणून.

जावेकडे आधी गेले. नातीच्या काविळीनंतर ती स्वतःच पाणी उकळून प्यायला लागली होती, पण बोलत नव्हती. मी टेप घेऊनच गेले. म्हटलं, तूच धर एक टोक. तिने धरलं. अकरा मीटर आणि वर थोडं. ती म्हणाली, "यांना मी सांगून दमले, आता तू कागदच दे. पण नाव घालून दे. निनावी दिलास तेव्हा यांना जास्त लागलं."

मग नाव घालून दिला. विषय: "पिण्याच्या पाण्याच्या विहिरीशेजारील शोषखड्डा व अपुरे संडास." एक पान. आरोग्य केंद्रातून दोघे आले, बांयच्या पाण्याचा नमुना नेला, पाणी पिण्यास अयोग्य असा अहवाल आला. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून गेले. भावोजींना नोटीस आली: तुंबलेला संडास चालू करा, आणखी दोन बांधा, शोषखड्डा पलीकडच्या अंगाला हलवा. माणसांच्या संख्येबद्दल नोटिशीत एक ओळ आहे, "क्षमतेपेक्षा अधिक व्यक्ती ठेवू नयेत". क्षमता किती, ते लिहिलेलं नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकला नाही. काका, तुम्ही शेवटी जो इशारा दिलात तो पटला. मला खोल्या पाडायच्या नाहीत.

भावोजी माझ्याशी बारा दिवस बोलले नाहीत. चवथीला माटोळी बांधताना स्टुलावरून खाली न बघता "सुतळी दे" म्हणाले, तेवढंच. पातोळ्या मात्र घेतल्या.

आजची स्थिती. तुंबलेला संडास उघडला. एक नवीन बांधून झाला, दुसऱ्याचं भांडं बसायचंय. शोषखड्ड्यासाठी खणायला घेतलं तर चार फुटांवर जांभा लागला, गवंडी म्हणतो पाऊस पूर्ण गेल्याशिवाय पुढे जमणार नाही. तोवर टाकी महिन्यातून एकदा उपसायची असं ठरलंय, पहिली फेरी झाली.

माणसं आठाची सहावर आली. भाडं १,८०० वरून २,२०० झालं. म्हणजे भावोजींना फारसा तोटा नाही, वाढलेले चारशे ती पोरं देतायत. जे निघाले त्यांत तो कळशीवाला ओडियाही होता. परवा बाजाराला भेटला. शेजारच्या गावात एका अर्धवट बांधलेल्या गॅरेजात राहतो, शटर अजून बसलेलं नाही, ताडपत्री लावलीय. किती जण म्हणून विचारलं. त्याने आधी बोटं मोजली, मग हसला आणि म्हणाला, "दिन का बोलूँ या रात का?"

सेक्रेटरी काका, ती पंचायत वेगळी पण आरोग्य केंद्र तेच आहे. तिथे माझी बांय नाही. मग अर्ज माझ्या नावाने चालेल का, की तिथल्याच कोणाचा लागतो?

निवृत्त_सेक्रेटरी

उपद्रवाची माहिती कोणीही देऊ शकतो, शेजारीच असला पाहिजे असं नाही. पण त्याआधी त्या मुलाला विचारा, त्याला चालेल का. गॅरेजाचा फोटो काढू नका. शुक्रवारी मी फोंड्याला आहे, मसुदा करून आणा, विषय मी बघून देतो.